आयरिश सेशनमधली गिटारची साथ : आधी धून, मग कॉर्ड

प्रश्न : मी मूळची मिरजेची असून गेली तीन वर्षे नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये गॉलवे शहरात राहते. वडील भजनी मंडळात पेटी वाजवत असत, त्यामुळे लहानपणी थोडी पेटी मीही शिकले. गिटार बारा वर्षांपासून वाजवते, पण आजवर हिंदी चित्रपटगीते आणि थोडे रॉक एवढेच वाजवले आहे. येथील एका पबमध्ये दर मंगळवारी पारंपरिक संगीताचे सेशन होते. सहा-सात जण टेबलाभोवती बसून फिडल (म्हणजे व्हायोलिन), लाकडी बासरी, कॉन्सर्टिना (हातात धरून वाजवायचा छोटा भात्याचा बाजा) वाजवतात आणि एक जण गिटारची साथ करतो. काही आठवडे नुसते ऐकल्यावर गेल्या मंगळवारी मी गिटार घेऊन गेले. त्यांनी खुर्ची सरकवून जागा दिली. मी अंदाजाने कॉर्ड्स वाजवत राहिले. थोड्या वेळाने एका वयस्कर फिडलवादकांनी सौम्यपणे सांगितले, की पुढच्या काही धुनी तू नुसत्या ऐक. निघताना तेच म्हणाले, पुढच्या मंगळवारी ये. घरी येऊन मला रडू आले. मी परकी आहे म्हणून हे झाले, की माझ्या कॉर्ड्स चुकत होत्या? गिटारऐवजी बुझुकी (लांब मानेचे तंतुवाद्य) घेतली तर बरे होईल का?
— एक वाचक, गॉलवे

उत्तर : तुम्हाला वाईट वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परक्या गावात धीर एकवटून वाद्य घेऊन जावे आणि चारचौघांत थांबायला सांगितले जावे, हे मनाला लागणारच. पण पत्रातले एक वाक्य तुम्ही घाईने लिहून पुढे गेला आहात, ते मी आधी उचलतो. निघताना त्याच गृहस्थांनी तुम्हाला पुन्हा यायला सांगितले. मी लिमरिकमध्ये नऊ वर्षे राहिलो आणि तेथील सेशनांत आधी श्रोता म्हणून व नंतर साथीला बसलो. त्या अनुभवावरून सांगतो, की ज्याचे येणे नकोसे असते त्याला तेथे कोणी शिकवत बसत नाही, त्याच्याशी बोलणेच कमी होते. तुम्हाला जागा मिळाली, काय करावे हे स्पष्ट शब्दांत सांगितले गेले आणि पुढच्या आठवड्याचे बोलावणेही मिळाले. आयर्लंडमध्ये परकेपणाचा त्रास कोणालाच होत नाही असे मी म्हणणार नाही, तो होतो. पण तुम्ही लिहिलेल्या प्रसंगात मला तो दिसत नाही. धुनी न जाणणारा गिटारवादक कॉर्कचा किंवा डब्लिनचा असता, तरी त्यालाही हेच ऐकावे लागले असते, आणि तसे होताना मी पाहिलेले आहे.

तेव्हा अडचण गिटारची आहे, आणि ती समजून घेण्यासाठी या संगीताकडे थोडे मागे जाऊन पाहावे लागेल. आयरिश पारंपरिक संगीत मुळात एकाच स्वररेषेचे संगीत आहे. फिडल, बासरी, टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी), कॉन्सर्टिना आणि अकॉर्डियन हे सगळे मिळून एकच धून वाजवतात, प्रत्येक जण आपापल्या हातच्या अलंकारांसह. इलन पाइप्स या आयरिश बॅगपाइपमध्ये सतत वाजणारे आधारसूर असतात आणि रेग्युलेटर नावाच्या नळ्यांवर मनगटाने काही जोडस्वरही देता येतात, पण त्यापलीकडे कॉर्ड्सची साथ ही या परंपरेत पुष्कळ उशिरा आलेली गोष्ट आहे. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मायकल कोलमन यांच्यासारख्या स्लायगोच्या थोर फिडलवादकांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, तेव्हा त्यांच्या मागे पियानो असे, आणि पुष्कळदा तो वाजवणाऱ्याला धून ठाऊकच नसे. आज त्या मुद्रिका ऐकताना फिडल एकीकडे आणि पियानो भलतीकडे चाललेला सहज ऐकू येतो. गिटार आणि बुझुकी यांना या संगीतात खरी जागा मिळाली ती १९६० आणि १९७०च्या दशकांत. म्हणजे तुम्हाला थांबवणारे गृहस्थ सत्तरीचे असतील, तर त्यांच्या डोळ्यांदेखत गिटार त्या टेबलाशी येऊन बसलेली आहे. त्यांच्या सावधपणाला हे कारण आहे.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एक गोष्ट घडलेली आहे, आणि तुमच्या घरात पेटी होती म्हणून ती सांगतो. पेटीचे स्वर ठरावीक, तिला मींड नाही, श्रुतींचे बारकावे नाहीत, या आक्षेपांमुळे १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. गिटारवरही पडदे ठोकलेलेच असतात. जुन्या वळणाचे फिडलवादक आणि पाइप्सवादक काही धुनींत सी हा स्वर असा लावतात, की तो ना धड सी असतो ना सी शार्प, दोहोंच्या मधला कुठेतरी असतो, आणि त्या स्वरातच त्या धुनेचे सगळे आर्जव साठलेले असते. त्याच क्षणी तुम्ही खणखणीत ए मेजर वाजवलीत, तर तिच्यातला सी शार्प त्या स्वराला चिरडून टाकतो. ऐकणाऱ्या गावकऱ्याला कदाचित काहीच कळणार नाही, पण शेजारी बसलेल्या फिडलवादकाला ते खड्यासारखे लागते.

आता तुमच्या कॉर्ड्सविषयी. त्या चुकत होत्या असे मला जवळजवळ खात्रीने वाटते, आणि कुठे चुकत असतील याचाही अंदाज बांधता येतो, कारण चित्रपटसंगीत आणि रॉक वाजवून आलेला प्रत्येक हात त्याच जागी चुकतो. गॉलवेच्याच जो कूली या अकॉर्डियनवादकांच्या नावाने ओळखली जाणारी कूलीज रील (रील म्हणजे जलद लयीची नाचाची धून) तुम्ही तेथे ऐकली असेलच. तिचा षड्ज ई आहे. आपला हात लगेच ई मायनर धरतो, ते बरोबरच आहे. पण मग सवयीने पुढे बी सेव्हन येते, कारण चित्रपटगीतात मायनरला घरी परतण्याची तीच वाट असते. बी सेव्हनमध्ये डी शार्प आहे, म्हणजे ई षड्ज मानला तर शुद्ध निषाद, आणि धुनेत लागतो तो कोमल निषाद. दुसरी चूक सी मेजरची. तीही ई मायनरच्या घरातली वाटते, पण तिच्यातला सी हा कोमल धैवत होतो आणि या जातीच्या धुनींत धैवत शुद्ध असतो. गंधार-निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध: तुम्ही पेटी शिकलेल्या आहात, तेव्हा हा काफी थाट झाला हे तुमच्या लक्षात आलेच असेल. पाश्चात्त्य परिभाषेत याला डोरियन म्हणतात. कूलीज रीलला ई मायनर आणि डी मेजर या दोन कॉर्ड्स पुरतात, आणि तिसरी शोधण्याचा मोह पहिले वर्षभर टाळलात तर तुमचे काहीही बिघडणार नाही.

हे थाटांचे गणित तुम्हाला तेथील पुष्कळ नवशिक्या गिटारवादकांपेक्षा पुढे नेऊ शकेल. सेशनमधल्या बहुतेक धुनी चार थाटांत बसतात. मेजर म्हणजे बिलावल. त्यात डी, जी आणि ए हे षड्ज सर्वाधिक, पेटीच्या भाषेत पांढरी दोन, पांढरी पाच आणि पांढरी सहा, कारण बासरी, व्हिसल आणि पाइप्स ही वाद्ये मुळात पांढरी दोनमध्ये बांधलेली असतात. डोरियन म्हणजे काफी, त्यात ई आणि ए हे षड्ज नेहमीचे. मिक्सोलिडियन म्हणजे खमाज, फक्त निषाद कोमल. बॅनिश मिसफॉर्च्युन ही जिग (हीही नाचाचीच धून, पण निराळ्या तालाची) याच थाटातली आहे. षड्ज डी आणि निषाद सी, म्हणून तिच्या मागे डी आणि सी या कॉर्ड्स शोभतात आणि ए सेव्हन विसंगत वाटते. चौथा आसावरी, तो बी किंवा ई षड्जाच्या काही धुनींत भेटतो. काही धुनी एका भागात एका थाटात आणि दुसऱ्या भागात दुसऱ्या थाटात जातात. ड्राउझी मॅगीचा पहिला भाग ई डोरियन आहे आणि दुसरा डी मेजर. कोणत्याही नव्या धुनेला आधी षड्ज कोणता आणि मग गंधार-निषाद कोणते, एवढे दोन प्रश्न कानाने सोडवा. तबलजी समेची वाट पाहतो तशी त्या उत्तरांची वाट पाहा. तोवर तारांवर नुसता हात ठेवलेला बरा.

गंधाराबद्दल खात्री नसेल तेव्हा तो वाजवूच नये, हा या साथीतला फार उपयोगी शहाणपणा आहे. षड्ज आणि पंचम एवढेच वाजवले, तर कॉर्ड मेजरही राहत नाही आणि मायनरही नाही, धुनेला आपला रंग दाखवायला मोकळी जागा मिळते. मिरजेच्या माणसाला तंबोऱ्याचे महत्त्व मी काय सांगावे! याच कारणाने तेथे डॅडगॅड हे ट्यूनिंग रुजले. इंग्रज गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते प्रचारात आणले आणि पुढे बॉथी बँड या आयरिश वाद्यवृंदाचे मीहॉल ओ डोनल यांनी ते आयरिश साथीत असे काही वापरले, की पुढच्या पिढीने ते आपलेच मानले. जाड तारेकडून बारीक तारेकडे डी, ए, डी, जी, ए, डी. डी षड्ज धरा, म्हणजे सा, प, सा, म, प, सा असे तारांचे सूर होतात. खुल्या तारा सोडल्या तरी मागे तंबोरा लागल्यासारखे वाटते. मात्र लगेच घरी जाऊन तारा उतरवू नका. बारा वर्षांची बोटांची ओळख एका रात्रीत पुसली जाते आणि मग सेशनमध्ये तुम्ही धुनेकडे लक्ष देण्याऐवजी बोटांकडे पाहत बसता. सध्या फक्त सर्वांत जाड तार ई वरून डीपर्यंत उतरवा. टायरोन परगण्यातले आर्टी मॅग्लिन यांनी आपली विलक्षण साथ याच ट्यूनिंगमध्ये केली, तेव्हा ते कमी प्रतीचे आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. डेनिस काहिल यांच्या ध्वनिमुद्रिका तर अवश्य ऐका. क्लेअर परगण्याचे फिडलवादक मार्टिन हेझ यांच्या मागे ते कधी कधी दोनच स्वर ठेवत, कधी कितीतरी वेळ काहीच वाजवत नसत, आणि तरी ते वाजवायचे थांबले की संगीतातून काहीतरी उठून गेल्यासारखे वाटे. मला या संपूर्ण परंपरेतली सर्वांत प्रिय साथ तीच आहे.

डाव्या हाताइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष उजव्या हाताकडे द्यावे लागेल. जिगच्या प्रत्येक बारमध्ये, म्हणजे तालाच्या एका लहान खंडात, सहा स्वर असतात, तीन-तीनच्या दोन गटांत. दादऱ्याची आठवण व्हावी अशी, पण लय चढी आणि झोका निराळा. तिच्यासाठी प्लेक्ट्रम (तार छेडण्याची पट्टी) खाली-वर-खाली, पुन्हा खाली-वर-खाली असे चालते, म्हणजे प्रत्येक गटाचा पहिला ठोका खालच्या दिशेने पडतो आणि आपोआप वजनदार होतो. सलग खाली-वर केलेत तर दुसऱ्या गटाचा पहिला ठोका वरच्या दिशेने जातो आणि नवशिक्याच्या हातून तो हलका पडतो. रीलमध्ये आठ-आठ स्वर असतात आणि तेथे सलग खाली-वर चालते. स्लिप जिग नऊ स्वरांची, तीनाचे तीन गट. पोल्का आणि स्लाइड हे प्रकार कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या स्लीव लुक्रा भागात फार वाजतात, तुमच्या गॉलवेत त्यामानाने कमी. त्यांची काळजी सध्या करू नका. रॉकमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर जोर देण्याची सवय लागलेली असेल, ती मात्र येथे सोडा. फिडलचा गज ज्या ठिकाणी वजन टाकतो त्या ठिकाणी तुमचा हात असावा, आणि त्यासाठी गिटारकडे पाहण्यापेक्षा त्या गजाकडे पाहत वाजवणे उत्तम.

एका गोष्टीचा उल्लेख तुमच्या पत्रात ओझरता आला आहे, पण मला ती कॉर्ड्सइतकीच महत्त्वाची वाटते. तेथे आधीच एक जण गिटारची साथ करत होता. दोन फिडल एकत्र सुखाने नांदतात, कारण दोघेही एकच धून वाजवत असतात. पण साथ हा प्रत्येकाचा स्वतःचा निर्णय असतो, आणि त्याने ई मायनर धरलेली असताना तुम्ही जी मेजर धरलीत तर दोघेही स्वतंत्रपणे बरोबर असूनही मिळून गढूळपणा होतो. म्हणून पुष्कळ सेशनांत एका वेळी एकच गिटार किंवा बुझुकी असा संकेत आहे. तो कोठेही लिहिलेला नसतो. पुढच्या वेळी त्या गिटारवादकाशेजारी बसा, त्याच्या डाव्या हाताकडे पाहा, आणि मध्यंतरी तो पेय आणायला उठला तर एखादा सेट (सलग वाजणाऱ्या दोन-तीन धुनी) वाजवू का असे त्यालाच विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, कारण अखंड तीन तास साथ करून हात दुखून येतात. त्याने नाही म्हटले, तरी तो त्याचा अधिकार आहे. काही पबांत दोन-तीन वादकांना सेशन चालवण्याचे मानधन मिळते आणि तो त्यांपैकी असू शकतो.

साथ मुळीच करू नये अशाही काही वेळा आहेत. कोणी गाऊ लागले, तर सर्व वाद्ये थांबतात. कॉनमारात जपली गेलेली शान-नोस ही जुन्या वळणाची गायकी पूर्णपणे साथीविना असते. संथ एअर (ठेक्याविना वाजणारी धून) वाजत असेल तेव्हाही आपण होऊन हात घालू नये. लिमरिकला येऊन मला दोन महिने झाले असतील, तेव्हा एका बासरीवादकाने अशी एक एअर सुरू केली आणि मी तिच्या मागे एकामागून एक कॉर्ड्स लावत गेलो. त्यांनी मधेच बासरी खाली ठेवली, काही बोलले नाहीत, आणि त्या रात्री पुन्हा ती एअर वाजली नाही. त्या धुनी गाण्याच्या शब्दांमागून, श्वासाच्या लयीने चालतात. त्यांना ठोका नसतो. आलापाला कोणी ठेका धरावा तसे मी केले होते, आणि त्याची रुखरुख मला आजही वाटते. मला वेळीच कोणी सांगितले असते, तर मी त्याचा आभारी राहिलो असतो. तुम्हाला तसे सांगणारे मिळाले आहेत.

बुझुकीविषयी थोडक्यात सांगतो. हे ग्रीक वाद्य १९६०च्या दशकाच्या मध्यास जॉनी मॉयनिहन यांनी आयरिश संगीतात आणले. अँडी अर्व्हाइन आणि डोनल लनी यांनी ते पुढे नेले, सपाट पाठीची व चार जोडतारांची आयरिश बुझुकी घडत गेली, आणि १९७२ साली उभ्या राहिलेल्या प्लँक्स्टी या बँडमुळे ती घरोघर पोहोचली. तुमच्याच परगण्यातल्या स्पिडलच्या मैफलींतून पुढे आलेल्या डे डॅनन या बँडचे अ‍ॅलेक फिन मात्र तीन जोडतारांची ग्रीक बुझुकीच वाजवत राहिले. वाद्य सुंदर आहे, जी, डी, ए, डी अशा तारा लावल्या की म, सा, प, सा असा भरदार नाद निघतो आणि तिच्यावर धुनीही वाजवता येतात. पण धून ठाऊक नसेल, तर गिटारवर होणारी चूकच बुझुकीवर अधिक टणत्कारासह होईल. निदान वर्षभर तो खर्च करू नका.

त्याऐवजी डी मधली एक टिन व्हिसल घ्या. ती गॉलवेत कोणत्याही वाद्यांच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळेल. तिच्यावर रोज अर्धा तास एकेक धून कानाने बसवा, लिहिलेल्या स्वरांवरून नव्हे. धून गुणगुणता येईपर्यंत तिच्या कॉर्ड्स शोधू नका. धुनेची रचना सोपी असते: आठ-आठ बारचे दोन भाग, प्रत्येक भाग सहसा दोनदा, म्हणजे बत्तीस बारचे एक आवर्तन; अशी साधारण तीन आवर्तने झाली की न थांबता दुसरी धून सुरू होते आणि दोन-तीन धुनींचा एक सेट होतो. नवी धून जेथे सुरू होते त्या जागीच साथीदाराची परीक्षा असते, कारण तेथे षड्जही बदलू शकतो. धून ओळखीची नसेल तर पहिले आवर्तन पूर्ण सोडा, दुसऱ्यात हळूच या. केश जिगपासून आरंभ करा. ती जी मेजरमध्ये आहे, सर्वत्र वाजते आणि जी, डी व सी या तीन कॉर्ड्समध्ये सुखाने बसते. जुलै महिन्यात सुट्टी काढता आली, तर क्लेअरमधल्या मिलटाउन मॅलबे या गावी विली क्लॅन्सी समर स्कूल भरते. ते १९७३ पासून चालू आहे, गॉलवेहून दूर नाही, आणि तेथे व्हिसलच्या वर्गात आठवडाभर बसलात तर साथीसाठी लागणारा कान जितका तयार होईल तितका गिटारच्या वर्गात होणार नाही असे माझे मत आहे.

येत्या मंगळवारी अवश्य जा. गिटार न्या, पण ती खोळीतच असू द्या. व्हिसल खिशात ठेवा, तीही त्या दिवशी वाजवू नका. त्या फिडलवादकांना आधी भेटा आणि सांगा, की तुम्ही सांगितलेत ते बरे झाले, मी धुनी शिकायला सुरुवात केली आहे, कोणत्या आधी शिकू? मग ते जी नावे सांगतील ती तेथेच लिहून घ्या, कारण प्रत्येक सेशनच्या धुनी निराळ्या असतात आणि त्यांच्या टेबलावर ज्या वाजतात त्याच तुम्हाला उपयोगाच्या. सेट संपल्यावर आताची धून कोणती होती असे विचारायला संकोच करू नका. नाव आठवत नसेल तर ते हसून तसे सांगतील, पुष्कळांना आठवत नाहीत. त्या नावांची यादी मला पाठवा. तिच्यातल्या तीन-चार धुनींचे षड्ज, थाट आणि कॉर्ड्स मी पुढच्या पत्रोत्तरात एकेक करून लिहून देईन.